काळ्या पाण्यावरील सहल

खानदेशच्या माणसाला समुद्राशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारील तर त्याला दोष देतां येणार नाहीं. तापीमाईचें पाणी समुद्रालाच मिळतें खरें, पण तें सुरतेकडे. आपल्या वाट्यास यावयाचा तो वैशाखांतला भुसावळचा पारा, कपाशीचीं काळीं रानें आणि रावेर-यावलकडील केळींच्या बागा. असें असतांही गेल्या डिसेंबरअखेरीस आमच्या घरच्या अकरा माणसांनीं अंदमानची सहल केली, आणि परत आल्यापासून मंडळींचा एकच आग्रह चालला आहे कीं, या महिन्याच्या सदरांत तिची हकीकत यावी. प्रवासवर्णनें लिहिण्याचा आम्हांस सोस नाहीं. तिकिटें किती पडलीं, खोलींत गरम पाणी होतें कीं नव्हतें, हें ज्याचें त्यानें विचारून घ्यावें. पण या सहलींत घरांत एक प्रश्न उत्पन्न झाला व त्यावर चार दिवस वाद माजला. तो वाद आमच्या एकट्याच्या घरचा नव्हे. मुलेंबाळें घेऊन जो कोणी तिकडे जाईल त्याच्यापुढें तो प्रश्न उभा राहणारच. म्हणून ही लेखणी उचलली.

निघण्याचें निमित्त मात्र ज्वालामुखीचें. आमचे धाकटे बंधू धुळ्यास असतात. त्यांनीं आयुष्यभर मुलांना भूगोल शिकविला. त्यांचें म्हणणें असें कीं, आपण ज्या भूमीवर जन्मलों ती सबंध भूमीच अग्नीची लेक आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या भेगांतून तप्त रस थरांवर थर असा पसरत गेला, त्याचाच हा दख्खनचा काळा पाषाण. अजिंठ्याचीं लेणीं त्यांतच कोरलीं, आणि आपली कपाशीची काळी माती त्याच्याच झिजण्यानें झाली. धुळ्याहून नंदुरबारकडे जातांना माळावर मैलच्या मैल लांब अशा काळ्या दगडांच्या भिंती दिसतात. परका मनुष्य त्यांस एखाद्या पडक्या किल्ल्याचा तट समजतो. तो तट नव्हे. भेगेंतच थिजून राहिलेला तो रस आहे. भोंवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि भेगेची भिंत उघडी पडली. "मुलांनीं विझलेली चूल जन्मभर पाहिली आहे, आतां पेटलेली दाखवूं," असें बंधूंनीं म्हटलें आणि सहलीचा बेत ठरला. हिंदुस्थानच्या हद्दींत आज जागता असा ज्वालामुखी एकच, अंदमानच्या पूर्वेस समुद्रांत असलेलें बॅरन बेट. त्याच्या उत्तरेस नारकोंडम नांवाचें दुसरें आहे, पण तें निद्रिस्त. त्या नांवाचें मूळ 'नरककुंड' या संस्कृत शब्दांत असावें असें कित्येक मानतात, व तसें असल्यास तें नांव मूळचें या धगधगत्या बेटाचेंच असलें पाहिजे, असा आमचाही कयास आहे. असो.

घरांत अडचण आली ती आत्याबाईंची. त्यांचें वय ब्यायशीं. 'काळें पाणी' हा शब्द त्यांनीं लहानपणीं ऐकला तो शिक्षा म्हणून नव्हे, शाप म्हणून. आपल्या निबंधकारांनीं समुद्रयान कलिवर्ज्यांत घातलें, आणि विलायतेस जाऊन आलेल्यास पूर्वीं प्रायश्चित्त घ्यावें लागे, हें वाचकांस ठाऊकच आहे. आत्याबाईंनीं सगळें ऐकून घेतलें आणि विचारलें, "विमान पाण्याला शिवत नाहीं ना? मग झालं." त्यांचें बोचकें सर्वांच्या आधीं बांधून झालें. भुसावळाहून हावड्याची गाडी आणि कलकत्त्याहून दोन-सव्वादोन तासांचें विमान, एवढ्यांत आम्ही तेथें पोंचलों. जहाजानें हेंच अंतर तोडावयास तीन-चार दिवस लागतात.

येथें नांवांविषयीं एक खुलासा करावयास हवा. पोर्ट ब्लेअरचें नांव २०२४ सालीं श्री विजयपुरम् झालें. त्यापूर्वीं २०१८ च्या डिसेंबरांत रॉस बेटास नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, नील बेटास शहीद द्वीप व हॅवलॉक बेटास स्वराज द्वीप अशीं नांवें देण्यांत आलीं. धक्क्यावरचे नावाडी अजून जुनींच नांवें घेतात. इतिहास सांगतांना आम्हीही तींच घेणार आहों. आणखी एक गोष्ट गृहिणींनीं ध्यानांत ठेवावी. घड्याळ आपलें, पण सूर्य तेथला. डिसेंबरांत सव्वापांचाच्या सुमारास सूर्य मावळतो. पहिल्या दिवशीं चहाचे पेले विसळावयाच्या आंतच दिवेलागण झाली, आणि आत्याबाईंची सांजवात लावावयाची घाई होऊन गेली.

प्रथम आम्ही सेल्युलर तुरुंग पाहिला. त्याचें वर्णन आतां शाळकरी पुस्तकांतही आढळतें, तेव्हां थोडक्यांत सांगतों. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत तो बांधला. मधें मनोरा आणि त्यापासून चाकाच्या आऱ्यांप्रमाणें निघालेल्या सात तिमजली इमारती. आज त्यांपैकीं तीनच उभ्या आहेत. कोठड्या सुमारें सातशें, आणि रचना अशी कीं एका ओळीचीं दारें दुसरीच्या पाठीकडे उघडावीं, म्हणजे माणसाला माणसाचें तोंड दिसूं नये. सावरकर येथें १९११ सालीं आले व १९२१ पर्यंत होते. त्यांचे वडील बंधू बाबारावही येथेंच होते. कोलूला जुंपून तेल काढावयाचें, तें ठरल्या वजनाचें भरलें नाहीं तर शिक्षा. लिहावयास कागद नाहीं म्हणून काव्य भिंतीवर कोरावयाचें व पाठ करावयाचें. आम्हां खानदेशीयांस तुरुंग म्हटला म्हणजे धुळ्याचा आठवतो. तेथें १९३२ सालीं विनोबांनीं दर रविवारीं गीतेचा एकेक अध्याय सांगितला आणि साने गुरुजींनीं तो टिपून घेतला. राज्य तेंच, तुरुंगही त्याचेच, पण एकांत अठरा रविवार गीता सांगतां आली आणि दुसऱ्यांत शेजारच्या कोठडींत कोण आहे हें कळण्याची मारामार. हा फरक आम्हीं नातवंडांस त्या ओसरींतच बसवून समजावून दिला, आणि तेवढ्यानें आमचें काम संपलें अशी आमची समजूत होती.

दुसऱ्या दिवशीं रॉस बेटावर गेलों. होडीनें पाऊण कोसही नसेल. इंग्रजांचें ठाणें या बेटावर होतें. चर्च, नाचघर, पोहण्याचा हौद, पाव भाजण्याच्या भट्ट्या, अशी आबादीआबाद होती. २६ जून १९४१ रोजीं मोठा भूकंप झाला, इमारतींना तडे गेले, आणि साहेबलोक पलीकडे पोर्ट ब्लेअरांत राहावयास गेले. आतां त्या भिंतींना वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनीं मिठी मारली आहे. मुळें विटांवरून अशीं उतरलीं आहेत कीं, भिंत मुळांना धरून आहे कीं मुळें भिंतीला, हें कळत नाहीं. चितळें आपलीं अंगणांतल्या शेळ्यांसारखीं हिंडत असतात. आमच्या सूनबाई हौसेनें सर्वत्र तसबिरी काढीत होत्या.

धक्क्याजवळच सिमेंटची एक बसकी कोठडी आहे. दार वांकून शिरण्यासारखें, आणि समुद्राच्या बाजूस आडवी फट. तींतून मशीनगनची नळी बाहेर काढावयाची. अशा कोठड्या पोर्ट ब्लेअरच्या किनाऱ्यानें, कॉर्बिन्स कोव्हच्या वाटेवर, आणखीही आहेत. आमचा थोरला नातू आठवींत आहे. शाळेंत २३ जानेवारीस नेताजींवर पांच मिनिटें भाषण करण्यासाठीं त्याची निवड झाली होती, म्हणून वही बरोबर घेऊनच तो हिंडत होता. कोठडींत शिरून त्यानें फटींतून समुद्र पाहिला, बाहेर आला व विचारूं लागला,

"आजोबा, हें कुणीं बांधलं?"

"जपान्यांनीं."

"म्हणजे आपल्या बाजूच्यांनींच ना?"

आमच्या पुतण्यानें 'हो' म्हटलें आणि बंधूंनीं 'नाहीं' म्हटलें, दोन्हीं एकाच क्षणीं. पोरगें दोघांकडे पाहूं लागलें. वाद सुरू झाला तो तेथें.

आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांनीं १९४२ सालचें वर्णन केलेलें आम्हांस आठवतें. सिंगापूर पडलें, रंगून पडलें, ब्रह्मदेशांतून माणसें पायीं चालत आलीं, हें सर्व घराघरांत बोललें जाई. पण अंदमानांत काय झालें हें आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असतें; म्हणून थोडें विस्तारानें सांगतों.

सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं गेलें व ८ मार्चला रंगून. त्यानंतर अंदमानांतील पलटण इंग्रजांनीं काढून घेतली, आणि २३ मार्चला जपानी आरमार पोर्ट ब्लेअरला लागलें तेव्हां लढाई अशी झालीच नाहीं. इंग्रज जातात याचा आनंद पुष्कळांस झाला, आणि तो होणें स्वाभाविक होतें. तो दोन दिवसही टिकला नाहीं. शिपाई वस्तींत शिरून कोंबड्या उचलूं लागले, तेव्हां झुल्फिकार अली नांवाच्या एका तरुणानें चिडून हवेची बंदूक झाडली. कोणाला खरचटलेंही नाहीं. पण तो सांपडेपर्यंत घरें जाळलीं गेलीं, आणि सांपडल्यावर सर्व गांव जमवून त्याचे हात पिरगाळून मोडले व मग त्याला गोळी घातली. त्या दिवसापासून गांवानें तोंड मिटलें.

पुढें जपान्यांचीं रसद आणणारीं जहाजें बुडूं लागलीं. बातमी कोणी तरी देत असला पाहिजे, असा त्यांस संशय. हेर खरेंच येत होते, पण ते बाहेरून. पूर्वीं अंदमानांत पोलीस अधिकारी असलेला मॅकार्थी नांवाचा इंग्रज १९४३ च्या जानेवारींत पाणबुडींतून गुपचूप उतरला, जंगलांत राहून माहिती घेऊन गेला. तो सुखरूप परतला, आणि मार बसला तो गांवच्या कारकुनांस, पोलिसांस, डॉक्टरांस. राजकीय कैद्यांची शेवटची तुकडी १९३८ च्या आरंभींच मायदेशीं गेली होती. रिकामा झालेला तो सेल्युलर तुरुंग आतां अंदमानच्याच रहिवाशांनीं भरूं लागला. डॉक्टर दिवाण सिंग हे पंजाबी भाषेचे नामांकित कवि. ते १९२७ पासून तेथें होते व हिंदी स्वातंत्र्य संघाच्या शाखेचे प्रमुख होते, म्हणजे जपान्यांचे मित्र म्हणविणाऱ्या संस्थेचेच. त्यांना पकडून आठवडेच्या आठवडे असे हाल केले कीं ते येथें लिहवत नाहींत. ते १४ जानेवारी १९४४ रोजीं त्या तुरुंगांत वारले.

आतां तारखा नीट पाहाव्या. नेताजी पोर्ट ब्लेअरला आले २९ डिसेंबर १९४३ रोजीं. ३० डिसेंबरला जिमखान्याच्या मैदानावर त्यांनीं तिरंगा फडकविला, आणि अंदमानास 'शहीद' व निकोबारास 'स्वराज' अशीं नांवें दिलीं. हें खरें घडलें आहे. त्या ध्वजापुढें आम्हीही त्या मैदानावर पादत्राणें काढून उभे राहिलों. त्याच दिवशीं कोसाच्या आंत असलेल्या तुरुंगांत दिवाण सिंग जिवंत होते. नेताजींना तुरुंग दाखविण्यांत आला, पण या कैद्यांपर्यंत त्यांस जाऊं दिलें नाहीं, असें त्या काळच्या रहिवाशांनीं सांगून ठेविलें आहे. पुढें आझाद हिंद सरकारतर्फे कर्नल लोगनाथन हे कारभारी म्हणून आले. तथापि पोलीसखातें व खरी सत्ता जपानी आरमारानें हातची सोडली नाहीं. ध्वज उभारल्यास बरोबर एक महिना झाला, त्या दिवशीं, ३० जानेवारी १९४४ रोजीं, हंफ्रीगंज येथें चव्वेचाळीस हिंदी माणसांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. त्यांत बहुतेक त्याच स्वातंत्र्य संघाचे सभासद होते. आणि शेवटीं, १९४५ च्या ऑगस्टांत, अन्न संपत आलें तेव्हां कामास निरुपयोगी म्हणून शेंकडों माणसें बोटींत घालून हॅवलॉककडे नेलीं व किनाऱ्याजवळ पाण्यांत लोटून दिलीं. जीं किनाऱ्याला लागलीं त्यांतलीं बहुतेक उपासानें मेलीं. सुटले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जपान्यांनीं शरणागती लिहून दिली ती ऑक्टोबरांत, त्याच जिमखाना मैदानावर.

(जातां जातां एक. हातभर वाढणाऱ्या पपयीच्या रोपांचीं पानें रातोरात खाणारी, मुठीएवढी आफ्रिकन गोगलगाय तेथल्या बागाइतदारांस आजही रडविते. तीही जपान्यांनीं खाण्यासाठीं आणलेली, असें तेथें सांगतात. लढाया संपतात आणि हीं असलीं बिऱ्हाडें राहून जातात.)

रात्रीं जेवणें झाल्यावर उतरलेल्या जागेच्या व्हरांड्यांत चर्चा बसली. पुतण्या पुण्यास नोकरीला आहे. मुलगा हुशार, आणि नेताजींवर त्याची निस्सीम भक्ति. तो म्हणाला, "काका, पांच मिनिटांचं भाषण आहे. तेरा वर्षांच्या पोरानं ध्वज उभारला एवढं सांगितलं तर काय खोटं सांगितलं? हें बाकीचं आज त्याच्या डोक्यांत घातलं तर त्याचं नेताजींविषयींच मन कलुषित होईल. आणि वर्गांत एखाद्यानं उलटून विचारलं तर एकटा तोंड देणार तो." त्याचें म्हणणें टाकाऊ नव्हतें. लहान मुलाला आधीं श्रद्धा द्यावी आणि मग संशय, हें आम्हीं अडतीस वर्षें वर्गांत पाळलेलें सूत्र आहे. बंधूंना तें मान्य नव्हतें. ते राजवाड्यांच्या धुळ्यांत राहतात, आणि त्याचा अभिमान त्यांच्या बोलण्यांत आल्यावांचून राहत नाहीं. "राजवाड्यांनीं बावीस खंड छापले ते कशासाठीं? नुसत्या बखरीवर विसंबूं नये, अस्सल पत्रें पाहावीं, म्हणूनच ना? ध्वजाची गोष्ट ही बखर. चव्वेचाळिसांची गोष्ट हें पत्र." सूनबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "आज दुपारीं साहेबांचं नाचघर पाहून आपण सगळे 'किती सुंदर' म्हणत होतों. तें बांधणाऱ्या कैद्यांचं तरी कुणीं मुलांना सांगितलं?" यावर कोणीच बोललें नाहीं.

निवाडा आमच्याकडे आला. नातवाला जवळ बसवून आम्हीं विचारलें, "नंदुरबारला शिरीषकुमारचं स्मारक पाहिलंस ना?"

"हो. नऊ सप्टेंबर १९४२."

"त्याला गोळी कुणीं घातली?"

"इंग्रजांच्या पोलिसांनीं."

"त्याच्या हातांत काय होतं?"

"झेंडा."

"त्याच सालीं मार्चमध्यें झुल्फिकार अलीला गोळी घातली ती कुणीं?"

तो थांबला. "जपान्यांनीं. त्याच्या हातांत... छर्ऱ्याची बंदूक. कोंबड्यांसाठीं."

मग त्यानें आपण होऊन जें विचारलें त्याचें उत्तर आम्हांला सहज देतां आलें नाहीं. त्यानें विचारलें, "मग नेताजींना कळलं असतं, तर त्यांनीं झेंडा लावला असता का?" पुतण्यानें मान खालीं घातली. आम्हीं त्याला एवढेंच सांगितलें कीं, नेताजींनीं जें मागितलें तें आपल्यासाठीं मागितलें. ज्यांच्याकडे मागितलें त्यांनीं दिलें तें बव्हंशीं कागदावर दिलें. नेताजी तेथें तीन दिवस होते आणि यजमानांनीं दाखविलें तेवढें त्यांनीं पाहिलें. यापुढचें उत्तर तुझें तूं मोठा झाल्यावर शोध. हें उत्तर पुरेसें आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण मुलाला श्रद्धा द्यावयाची म्हणून त्या चव्वेचाळीस माणसांना पुन्हां एकदां गप्प बसवावें, हें आमच्या मनास पटेना. नेताजींची थोरवी इतकी तकलादू नाहीं कीं तिला या माणसांच्या मौनाचा आधार लागावा. पुतण्याला आमचा निवाडा फारसा रुचला नाहीं. परंतु सकाळीं हंफ्रीगंजला जाण्याची मोटार त्यानेंच ठरविली.

तेथें फारसें कोणी जात नाहीं. वस्तीजवळ लहानसें स्मारक आहे, आणि भोंवतीं नारळी-सुपारी. आम्ही गेलों तेव्हां आमच्याखेरीज दुसरें कोणी नव्हतें. आत्याबाई बराच वेळ उभ्या होत्या. परत येतांना त्यांनीं विचारलें, "आणि ते पाण्यांत लोटलेले कुठले रे?" बंधूंनीं हॅवलॉकचें नांव सांगितलें. आमचा मुक्काम पुढें तेथेंच होता.

हॅवलॉकचा किनारा फार सुंदर. पांढरी वाळू आणि निळें-हिरवें पाणी. तेथें लोक नवविवाहित जोडपीं म्हणून येतात, हें योग्यच आहे. सकाळीं सर्व मंडळी वाळूंत खेळण्यांत दंग असतां आत्याबाईंनीं आम्हांस बाजूला बोलाविलें आणि पदराच्या गांठींतून तिळाची पुडी काढली. त्या घरून निघतांनाच संक्रांत जवळ आली म्हणून ती घेऊन आल्या होत्या. "तर्पण कर," म्हणाल्या. आमच्या तर्पणविधींत ज्यांस पुत्र नाहीं, बांधव नाहीं, पाणी द्यावयास कोणी नाहीं, अशांसाठींही एक ओंजळ सांगितली आहे. ज्यांनीं श्राद्धपक्ष केले असतील त्यांस ती ठाऊक असेल. तरी आमच्या जिभेवर शंका आलीच. त्यांत हिंदु किती, मुसलमान किती, शीख, ख्रिस्ती, ब्रह्मी किती, कोणाला माहीत? कोणाच्या नांवें, कोणत्या गोत्राच्या उच्चारानें पाणी सोडावें? आत्याबाईंनीं आमच्याकडे अशा पाहिलें, जसें त्या आम्हांस सातव्या वर्षीं पाढा चुकला म्हणजे पाहत. "त्यांना तहान लागली नसेल का रे? खाऱ्या पाण्यांत गेले ते."

आम्हीं कमरेएवढ्या पाण्यांत जाऊन, जानवें अपसव्य करून, तीन ओंजळी सोडल्या. विमान पाण्याला शिवत नाहीं अशी खात्री करून घेणाऱ्या आत्याबाई गुडघाभर समुद्रांत उभ्या होत्या, आणि लुगड्याचे काठ भिजले याचें त्यांस भान नव्हतें. थोरला नातू कधीं येऊन शेजारीं उभा राहिला तें आम्हांस कळलें नाहीं.

बाराटांगचे चिखलाचे ज्वालामुखी आम्हीं पाहिले नाहींत. त्या वाटेनें जारवा लोकांच्या राखीव जंगलांतून पहाऱ्यांत मोटारींची रांग जाते. त्या लोकांकडे कांचेतून टक लावून पाहत मुलांना नेणें आम्हांस व सूनबाईंस दोघांनाही प्रशस्त वाटलें नाहीं. बंधू थोडे हिरमुसले. पण त्यांची भरपाई बॅरननें केली.

बॅरन बेट पोर्ट ब्लेअरपासून सुमारें एकशें चाळीस किलोमीटर. तेथें उतरण्याची मुभा नाहीं; रात्रीं जहाजांत बसावें, पहाटे बेट दिसतें, आणि जहाज त्याच्या अंगानें फिरवून परत आणतात. अर्ध्या मंडळींस जहाज लागलें, त्यांची हकीकत येथें नको. फटफटलें तेव्हां समोर काळा शंकु होता. उंची साडेतीनशें मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या सातपुड्याच्या मानानें टेकडीच. पण बंधूंनीं सांगितलें कीं, पायथा खालीं समुद्राच्या तळाशीं, दोन हजार मीटरहूनही खोल आहे, आणि आपल्याला दिसतें तें नुसतें शेंडीचें टोंक. हिंदुस्थानची भूमि ज्या कवचावर आहे तें तेथें पूर्वेकडच्या कवचाखालीं हळूहळू शिरत आहे, त्या घर्षणांतून व उष्णतेंतून हा अग्नि. त्याच हालचालीनें २६ डिसेंबर २००४ चा तो प्रलयंकर भूकंप व सुनामी झाली. बॅरनच्या उद्रेकाची पहिली नोंद १७८७ सालची. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तो इतका निजला कीं लोकांस वाटलें संपला. १९९१ सालीं एकदम जागा झाला, आणि तेव्हांपासून अधूनमधून पेटतच आहे. २०२५ च्या सप्टेंबरांतही त्यानें तोंड उघडलें होतें. आम्हांला ज्वाळा दिसल्या नाहींत. धुराचा एक बारीक लोट वर जाऊन वाऱ्यानें वांकत होता, आणि रसाचे काळे ओघ थेट समुद्रापर्यंत उतरून थिजले होते. त्यावर गवताची काडी नव्हती.

धाकट्या नातीनें विचारलें, "इथं ज्वारी कधीं पिकेल?"

बंधू हंसले आणि म्हणाले, "आपल्याकडे पिकायला लागली त्याला किती कोटी वर्षं लागलीं तें दादाच्या वहींतून मोज." दादाची वही मात्र त्या वेळीं ज्वालामुखीच्या पानावर नव्हती. जहाजाच्या कठड्याला टेकून तो आपल्या भाषणांतलीं वाक्यें खोडीत बसला होता.

तें भाषण २३ जानेवारीस झालें. ध्वजारोहण त्यानें पूर्ण सांगितलें, तारखेसह. आणि पुढें झुल्फिकार अली, दिवाण सिंग व हंफ्रीगंजचे चव्वेचाळीस, तेही सांगितले. शिरीषकुमारही त्यांत आला, तो कोणीं सांगितल्यावांचून. भाषण संपल्यावर वर्गाच्या बाईंनीं त्याला बोलावून 'हें कोठें वाचलेंस?' असें विचारलें, तेव्हां तो म्हणाला, 'वाचलं नाहीं, पाणी देऊन आलों.' बक्षीस मिळालें नाहीं. भाषण साडेसहा मिनिटें चाललें होतें, आणि घंटा दोनदां वाजली होती.